अचूकतेची किंमत

नेमबाजीत एखादे पदक मिळाले की आपल्याकडे अर्जुनाची आणि पक्ष्याच्या डोळ्याची आठवण हमखास काढली जाते. एकाग्रता, मनोनिग्रह, उपजत दृष्टी यांचे गोडवे गायले जातात. सत्कार होतात, पारितोषिके जाहीर होतात. गुणगौरवात गैर काही नाही. परंतु अचूकता ही केवळ डोळ्याची व मनाची सिद्धी आहे, हा समज शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. आणि धोरण जर त्यावर उभारले गेले, तर त्याची झळ होतकरू खेळाडूंना बसते.

दूर पल्ल्याच्या रायफल स्पर्धांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे १,००० वार, म्हणजे सुमारे ९१४ मीटर अंतरावरील निशाणावर नेम धरला जातो. सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटलेल्या ७.६२ मिलिमीटर गोळीला तेवढे अंतर तोडण्यास दीड सेकंदाहून अधिक काळ लागतो. तेवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षण तिला नळीच्या रेषेखाली दहा मीटरांहून अधिक खेचते. ही घट आधी मोजता येते, म्हणून नळीचे तोंड त्या मानाने वर उचलून ती भरून काढता येते. खरी अडचण अनिश्चित गोष्टींची. दारूतील किंचित फरकामुळे वेग सेकंदाला १० मीटरांनी घटला, तर गोळी पाव मीटरहून अधिक खाली लागते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला दोन मीटरांच्या आसपास बाजूला ढकलतो. अशा वेळी निव्वळ तीक्ष्ण नजर काय कामाची?

इतिहासही हेच सांगतो. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथील राष्ट्रीय स्पर्धेचा प्रारंभ राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते झाला. व्हिटवर्थ रायफल आधीच एका यांत्रिक बैठकीवर नेम धरून पक्की बसविली होती. राणीने केवळ दोरी ओढली आणि ४०० वारांवर गोळी मध्यबिंदूच्या अगदी निकट लागली. हे यश राणीच्या नजरेचे नव्हते, जोसेफ व्हिटवर्थच्या सूक्ष्म मापनाचे होते. तथापि ब्रिटिश सैन्याने ती रायफल सरसकट स्वीकारली नाही आणि तिची जबर किंमत हे त्याचे एक प्रमुख कारण होते. अचूकतेला मोल पडते, ते असे.

मग माणसाचे कौशल्य उरले कोठे, असा प्रश्न कोणी विचारील. ते वारा ओळखण्यात, श्वास आवरण्यात आणि प्रत्येक गोळीची नोंद ठेवून चुकीचे कारण हुडकण्यात आहे. किंबहुना हेच खरे कौशल्य होय. परंतु ते हजारो गोळ्या झाडल्यावाचून अंगी बाणत नाही, आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीचे पैसे मोजावे लागतात.

ऑलिंपिकमधील ५० मीटरचे अंतर यापुढे किरकोळ वाटेल. पण हिशेब तोच आहे. तेथेही मोकळ्या मैदानावर वारा गोळीला हलवितो आणि कोणत्या काडतुसांचा गट आपल्या नळीला मानवतो, हे नेमबाजाला तपासून पाहावे लागते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये जागतिक विजेतेपद मिळविले; त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकले. स्वप्नीलची जडणघडण राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, हे विसरून चालणार नाही. पदकाच्या कितीतरी आधी झालेला हा सार्वजनिक खर्च होता.

पारितोषिक एकाला मिळते. सरावाचा खर्च मात्र शंभरांना सोसावा लागतो. त्यांतील नव्याण्णव जणांना कोणी हार घालीत नाही, तरीही त्यांच्यावाचून शंभरावा घडत नाही. बक्षिसाची रक्कम वाढविणे सोपे असते, त्यात प्रसिद्धीही मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित मैदान, जाणता प्रशिक्षक आणि परवडणारी काडतुसे पुरविण्यात असला गाजावाजा नाही. पण ज्या समाजाला अचूक नेम हवा आहे, त्याने आपला पैसा निशाणाच्या टोकाला न ठेवता नळीच्या टोकाला ठेवला पाहिजे.