परवानगी



माझा प्रबंध चौदा महिने झाले विद्यापीठाच्या लोखंडी कपाटात पडून आहे. नापास नाही. बाहेरच्या दोन्ही परीक्षकांचे अहवाल आलेत, दोघांनी 'मान्य' लिहिलंय. अडलंय ते व्हायवाच्या परवानगीवर. म्हंजे मी जे लिहिलं ते चार लोकांपुढं उभं राहून बोलायची परवानगी. बापजाद्यांना चावडीपुढं तोंड उघडायला लागायची, तीच.

टेबलावरचा माणूस 'नाही' कधीच म्हणत नाही. 'नाही'चा कागद होतो, कागद कोर्टात जातो. तो म्हणतो, 'उद्या या.' गाईडसरांची सही राहिली, लायब्ररीचा नो-ड्यूज जुना झाला, साहेब मीटिंगला गेले. तोवर फेलोशिप बंद. आई विचारते, 'झाला का रं डाक्टर?' मी चप्पल घालून बाहेर पडतो.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमात सबमिशनपासून सहा महिन्यांत व्हायवासकट सगळं उरकायचं लिहिलंय. नियम त्यांचाच, मोडणारेही तेच. अन् हेच लोक मेरिटच्या गप्पा मारतात! माझी परीक्षा घ्या म्हणून मी ओरडतोय, पळतायत ते.

बाबासाहेबांनी १९२२ ला लंडनला रुपयावरचा प्रबंध दिला. परीक्षकांनी तो दुरुस्त करायला परत दिला. बाबासाहेबांनी दुरुस्त केला, पण निष्कर्ष सोडले नाहीत. १९२३ ला डी.एस्सी. मिळाली. तिथं भांडण लिहिलेल्यावर होतं, म्हंजे निदान वाचून होतं. कोलंबियाला छापील प्रती द्याव्या लागत. ग्रंथ छापून निघाला १९२५ ला, पदवी हातात पडली १९२७ ला. न्यूयॉर्क सोडून अकरा वर्षं झाली होती. पैसा नव्हता म्हणून उशीर, हे समजतं. माझ्याकडं तर बांधलेल्या प्रती तयार आहेत.

आता आपल्यांबद्दल. ज्या कमिटीपुढं फाईल जाते तिच्यात आपलाही एक माणूस बसतो. जयंतीला निळा फेटा बांधून भाषण ठोकतो. माझ्या फाईलीवर गप्प. आणि 'पदवीच्या मागं लागून चळवळ सोडलीस' म्हणणाऱ्या मित्रांनो, त्या खोलीत आपण बोललो नाही तर आपल्याबद्दल तेच बोलत राहणार, हे कळतंय का?

मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय : फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमच्याही फायली कुजत असतील तर आवक नंबर आणि तारीख अंकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात यादी काढू. आणि माझी तारीख लागली की या. व्हायवा जाहीर असते. मागच्या बाकांवर बसा.