कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे!

आकड्यांवर माझं पोट चालतं. त्यामुळे आकड्यांचे हाल झालेले मला बघवत नाहीत. आणि सर्वांत जास्त हाल करतात ते बास्केटबॉलचे शौकीन. अमेरिकेतल्या एनबीएचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हे ठरवायला ही मंडळी साठ-साठ वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडतात आणि खुशाल निकाल लावून मोकळी होतात.

आमचा भाचा त्यांतलाच. "मामा, आकडे खोटं बोलत नाहीत!" कबूल. पण बाबा रे, आकडा कुठल्या वहीतला, ते तरी बघशील?

विल्ट चेंबरलेनने १९६१-६२च्या मोसमात सामन्यामागे ५०.४ गुण काढले. सामना ४८ मिनिटांचा आणि हा गृहस्थ जादा वेळ धरून सरासरी ४८.५ मिनिटं मैदानावर! (आमच्या युनियनने त्याला जगू दिलं नसतं.) मायकेल जॉर्डनची सर्वांत मोठी सरासरी ३७.१, १९८६-८७ची. म्हणजे विल्ट मोठा? थांबा. विल्टच्या त्या मोसमात एकेक संघ सामन्यामागे शंभराहून अधिक वेळा बास्केटकडे चेंडू फेकत होता. जॉर्डनच्या वेळी नव्वदीच्या आसपास. उलाढाल मोठी, तिथे जमाही मोठीच दिसणार! १९६२चा रुपया आणि आजचा रुपया एकाच रकान्यात मांडणाऱ्या कारकुनाला साहेब केबिनमध्ये बोलावतात, आणि ते चहाला नव्हे.

माझा खरा राग आहे तो बिल रसेलच्या बाबतीत. १३ मोसमांत ११ अजिंक्यपदं, पण गुणांची सरासरी १५.१. भाचा नाक मुरडतो. अरे, समोरच्याचा चेंडू हवेतच अडवणं ही त्या माणसाची खरी कमाई! आणि असे अडवलेले चेंडू एनबीए अधिकृतपणे मोजू लागली १९७३-७४पासून. रसेल निवृत्त झाला १९६९ साली. भाच्याने त्याच्या नावापुढे बिनदिक्कत शून्य घातलंय!

अहो, नोंद नसणं वेगळं आणि शिल्लक नसणं वेगळं. आम्ही ही गल्लत केली तर खातेदार काउंटरवर चढेल. रसेल २०२२ साली वारला. तो बिचारा भांडायला येणार नाही, म्हणून त्याचं खातं रिकामं करायचं?

तुलना जरूर करा. पण प्रत्येकाला त्याच्या काळातल्या इतरांशेजारी उभं करून मापा. आणि नोंद नसेल तिथे सरळ 'नोंद नाही' असं लिहा. त्याला काही बी.कॉम. व्हावं लागत नाही.