दहा महिने, वळकटी बांधून

युद्धाच्या कथा आपण आवडीने वाचतो. न झालेल्या युद्धाची कथा कुणी विचारत नाही. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि 'ऑपरेशन पराक्रम'साठी लाखो जवान पश्चिम सीमेवर जाऊन उभे राहिले. हुकूम आज येईल, उद्या येईल. संक्रांत गेली, शिमगा गेला, राजस्थानच्या वाळूत उन्हाळा निघाला, गणपती बसले आणि उठलेही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १६ ऑक्टोबर २००२ रोजी, सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला. युद्ध न होताच, सुरुंगांनी आणि अपघातांनी शेकडो जवान गेले, ते वेगळेच.

आमच्या ओळखीचे साताऱ्याकडचे एक सुभेदार तेव्हा तिथे होते. पहाटे वळकटी बांधायची, रात्री सोडायची. तिच्या पट्ट्याचं बक्कल झिजून तुटलं, तेव्हा त्यांनी तिथे सुतळी बांधली. ती सुतळी अजून त्यांच्या ट्रंकेत आहे. "लढाईची भीती नव्हती वाटली. रजा बंद, आणि कधीपर्यंत ते कुणालाच ठाऊक नाही, त्यानं माणूस आतून पोखरला जातो," असं ते सांगतात. घरी ठरलेलं बहिणीचं लग्न दोनदा पुढे ढकललं गेलं.

या ताटकळण्याला 'ऑपरेशन पराक्रम' पदक मिळालं. पण त्या ताटकळण्याची नोंदही व्हावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. तुमच्या घरात त्या दहा महिन्यांची पत्रं असतील, तर त्यांच्या प्रती आमच्याकडे जरूर पाठवा.