दप्तरावरील ठिगळ

आमच्या घरीं धुणेंभांडीं करावयास येणाऱ्या बाईंचा मुलगा सातवींत आहे. गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं तो आईबरोबर आला, तेव्हां त्याच्या पाठीवरील दप्तराच्या दर्शनी बाजूस जुन्या लुगड्याचें ठिगळ शिवलेलें दिसलें. दप्तर तर अगदीं नवें होतें. मीं सहज विचारलें, "फाटलें काय रे?" तो कांहींच बोलला नाहीं. त्याची आई मात्र हातांतील काम न थांबवितां म्हणाली, "फाटलं नाही काकाजी, नाव झाकलं."

ठिगळाखालीं आमच्या वस्तींतील क्लबचें नांव होतें, चांगलें चार बोटें उंच. आणि त्याखालीं ज्या दुकानदारानें पैसे दिले त्याच्या दुकानाचें. वर्गांतील मुलें या पोरास त्या नांवानेंच हांक मारूं लागलीं होतीं. मी जास्त कांहीं विचारलें नाहीं, कारण ज्या समारंभांत हीं दप्तरें वांटलीं गेलीं त्याचा प्रमुख पाहुणा मीच होतों. त्या प्रसंगाचें छायाचित्र आमच्या दिवाणखान्यांत आहे. त्यांत दप्तराची एक पट्टी माझ्या हातीं आहे, दुसरी त्या मुलाच्या, आणि आम्ही दोघेहि एकमेकांकडे न पाहतां छायाचित्रकाराकडे पाहत आहों.

वाचकांपैकीं ज्यांना नागपूरची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. बेसा हें शहराच्या दक्षिणेचें गांव. मानेवाड्याचा चौक ओलांडला म्हणजे शहर संपे आणि शेतें लागत, असें येथील जुनी माणसें सांगतात. आज त्या शेतांवर इमारती उभ्या आहेत. मूळच्या गांवांत कोणावर प्रसंग आला तर कोणाच्या दारीं जावयाचें हें पिढ्यान् पिढ्या ठरलेलें असे. नव्या वस्तींत शेजाऱ्याचें नांव दारावरची पाटी वाचून कळतें. अशा ठिकाणीं चार माणसें एकत्र येऊन क्लब काढतात, आणि त्यांत आमची सूनबाई खजिनदार आहे, याचा मला मनापासून संतोष वाटतो. पुढें जें लिहिणार आहें तें रागानें लिहीत नाहीं, एवढ्यासाठीं हें आधींच सांगून ठेविलें.

क्लब म्हटलें कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें पत्ते आणि टेनिस येतें. परंतु हे सेवा करणारे क्लब निराळ्या वंशाचे आहेत. १९०५ च्या फेब्रुवारींत शिकागो येथें पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें तीन परिचितांना जमवून पहिली बैठक भरविली. बैठक पाळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत भरे, म्हणून संस्थेचें नांव रोटरी. परक्या शहरांत आलेल्या व्यावसायिकांना स्नेही मिळावेत, इतकाच मूळ हेतु. पुढें त्यांनीं लोकसेवेचें जें पहिलें काम हातीं घेतलें तें शहरांत सार्वजनिक शौचकूप बांधविण्याचें. दानशूरांच्या यादींत शौचकूप सहसा आढळत नाहीं, म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. त्याच शहरांत १९१७ सालीं मेल्व्हिन जोन्स या विमा-व्यावसायिकाच्या प्रयत्नानें लायन्सची संघटना उभी राहिली. १९२५ सालीं तिच्या अधिवेशनांत हेलन केलर या अंध व बधिर विदुषीनें सभासदांना अंधांचा कैवार घेण्याची विनंति केली, आणि तेव्हांपासून डोळ्यांचें काम या संघटनेस जें चिकटलें तें आजतागायत. रोटरीनें १९८५ सालीं पोलिओच्या निर्मूलनाचा संकल्प सोडला. बारा कोटी डॉलर जमवावयाचे म्हणून निघालेल्या या मंडळींजवळ तीन वर्षांत चोवीस कोटी सत्तर लक्ष जमले. आपल्या देशांतील पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं हावडा जिल्ह्यांत आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त असल्याचें प्रमाणपत्र मिळालें. रविवारीं सकाळीं लस पाजणाऱ्या केंद्रावर बसलेलीं आपल्या ओळखीचीं माणसें पुष्कळांना आठवत असतील. तेव्हां क्लब म्हणजे श्रीमंतांचा वेळ घालविण्याचा उद्योग, असें म्हणून हा विषय उडवून लावतां येत नाहीं.

परंतु वर्गणीची विद्या आपण शिकागोहून आणिली असेंहि कोणी समजूं नये. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा फंडासाठीं माणशीं वर्षाला एक पैसा मागत महाराष्ट्र पालथा घातला आणि त्या पैशांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. त्याच सालीं गोमंतकांत पणजी येथें मुष्टिफंड संस्था स्थापन झाली. पोर्तुगीज अमलाखालीं मराठी शिक्षणाची सोय व्हावी म्हणून घरोघर काढून ठेविलेल्या मूठभर तांदळावर ती उभी राहिली, म्हणून तिचें नांव तें. आणि आमच्या नागपुरांत १९२१ सालीं कमलाताई होस्पेट यांनीं वेणूताई नेने यांच्या साह्यानें मातृसेवासंघ काढला. कमलाताई स्वतः बालविधवा. परिचारिकेचें शिक्षण घेऊन बाळंतिणींची शुश्रूषा करणें हें त्या काळीं आपल्या समाजांत भूषणाचें समजलें जात नसे. नागपुरांतील किती घरांतल्या पोरांचा पहिला श्वास त्या संस्थेंत घेतला गेला असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

मूठभर तांदळाची चाल आमच्या घरीं अद्याप आहे. आईनें नव्वदी ओलांडली आहे, तरी स्वयंपाकाचे तांदूळ काढतांना तिच्या देखत एक मूठ निराळ्या डब्यांत पडली पाहिजे. महिनाअखेर तो डबा क्लबकडे जातो. पहिल्या महिन्यांत सूनबाईनें डबा नेला, तेव्हां आईनें पावती मागितली. सूनबाई हंसून म्हणाली, "आजी, तांदळाची कसली पावती?" आई म्हणाली, "वजन करून दे. उद्यां कोणी म्हणालें, म्हातारीनें दिलेच नाहींत, तर?" पावती आली आणि आईनें ती देवघरांत ठेविली. हंसण्यासारखा प्रकार खरा. परंतु क्लबच्या हिशेबाची वही मीं पाहावयास मागितली ती त्या पावतीमुळें.

वही पाहून झाल्यावर मला दोन गोष्टी सूनबाईशीं बोलाव्याशा वाटल्या. पहिली पैशाची. गेल्या हिंवाळ्यांत शाळकरी मुलांच्या मदतीसाठीं गाण्याचा जलसा झाला. जुन्या भाषेंत सांगावयाचें तर जमलेल्या रुपयांतले नऊ आणे सभागृह, ध्वनिक्षेपक, फुलांचे गुच्छ, स्मृतिचिन्हें आणि कलावंतांचें जेवण यांतच गेले. बाकीच्या सात आण्यांची दप्तरें आलीं. कोणीं खाल्लें नाहीं, कोणीं लपविलें नाहीं. सर्व कागद जागच्या जागीं. तरी तिकीट घेणाऱ्या गृहस्थाची समजूत अशी, कीं आपला रुपया मुलांकडे गेला. लायन्स संघटनेचा एक नियम मला या बाबतींत फार शहाणपणाचा वाटतो. तेथें क्लबनें दोन खातीं निराळीं ठेवावयाचीं असतात: सभासदांच्या वर्गणीचें एक, त्यांतून सभा, टपाल, चहापाणी चालावयाचें, आणि लोकांकडून सेवेसाठीं जमविलेल्या पैशाचें दुसरें, तो पैसा लोकांच्याच कामीं परत जावयाचा. लोकांच्या पैशांतून सभासदांनीं जेवावयाचें नाहीं, इतका हा साधा अर्थ. जलशाचा खर्च त्या जलशाच्याच उत्पन्नांतून निघतो हें कबूल. परंतु गुच्छ आणि स्मृतिचिन्हें हीं कोणत्या खात्यांत घालावयाचीं, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

सूनबाईनें हें ऐकून घेतलें. ती कष्टाळू आहे आणि तिचें उत्तरहि पोकळ नव्हतें. ती म्हणाली, "मामंजी, गाणें नसेल तर तिकीट कोण घेईल? सात आणे तरी आले. नुसती पेटी घेऊन दारोदार गेलों तर दार उघडत नाहींत, हें मीं स्वतः पाहिलें आहे." धोंडो केशव कर्वे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं पायीं हिंडून वर्गणी गोळा करीत, हें उदाहरण माझ्या ओठांवर आलें होतें. परंतु तिला नोकरी आहे, दोन मुलें आहेत, आणि आमच्यासारखीं म्हातारीं माणसेंहि आहेत. मी गप्प बसलों.

दुसरी गोष्ट ठिगळाची. ती बोलावयास मला अधिक जड गेलें, आणि त्याचें कारण घरचेंच आहे. माझे वडील वारावर जेवून शिकले. सात दिवस, सात घरें. ते शिक्षक झाले, घर बांधिलें, चौघां भावंडांना शिकविलें, परंतु त्या दिवसांविषयीं फारसें बोलत नसत. एकदांच म्हणाले होते, कीं मंगळवारच्या घरीं त्यांचें पान घरच्या मुलांच्या पंगतींत मांडलेलें असे, आणि शुक्रवारच्या घरीं ओसरीवर. अन्न शुक्रवारचें अधिक चांगलें होतें, कारण घर संपन्न; तरी शुक्रवारीं भूक नाहीं असें सांगून ते पुष्कळदां टाळीत. त्या शुक्रवारच्या घरच्या मंडळींना आपण एका विद्यार्थ्याला वार दिला याचें पुण्यच वाटत असेल. त्यांचा हेतु वाईट नव्हता. माझाहि छायाचित्रांत नव्हता.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवूं नये. वार देणारे आणि घेणारे बहुधा एकाच जातीचे असत. आज घेणारा उद्यां आपल्या मुलीस स्थळ म्हणूनहि येऊं शकत असे. दप्तर घेणाऱ्या मुलाला असली आशा कोणीं दाखविलेली नाहीं. म्हणून त्याच्या बाबतींत आपण अधिक जपावयास हवें होतें, आणि जपलों कमी.

सूनबाईला मीं हें सर्व सांगितलें. तिची अडचण अशी, कीं दुकानदार पैसे देतो ते नांवासाठीं देतो. नांव काढलें तर पुढच्या वर्षीं साठ दप्तरांऐवजीं चाळीस येतील. मग जीं वीस मुलें राहिलीं, त्यांच्यापैकीं एखाद्यास विचारलें तर तो कदाचित् म्हणेल, कीं नांवासकट द्या, पण दप्तर द्या. या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नाहीं. क्लबच्या सभेंत बराच वाद झाला असें ऐकतों. शेवटीं ठरलें तें असें: यंदां दप्तरावर कांहीं छापावयाचें नाहीं, देणाऱ्याचें नांव अहवालांत आणि शाळेच्या सूचनाफलकावर घालावयाचें, आणि वांटप मुख्याध्यापकांनीं, कोणास देतों हें न सांगतां, शाळेंतच करावयाचें. एका दुकानदारानें पैसे देण्याचें नाकारलें. दुसऱ्यानें मात्र तेवढेच दिले आणि म्हणाला, सूचनाफलकावरहि नको. दप्तरें किती कमी पडतात, हें जूनमध्यें कळेल.

क्लबच्या सगळ्या कामांत मला मोलाचें वाटतें तें मोतीबिंदूचें, आणि तेथें छायाचित्रें सर्वांत कमी निघतात. तपासणी खेड्यांत होते, शस्त्रक्रिया शहरांतील रुग्णालयांत. हें असेंच असलें पाहिजे. २०१४ च्या नोव्हेंबरांत पंजाबांत घुमान येथें परवानगीवांचून भरविलेल्या शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या अनेक गरीब वृद्धांची दृष्टि कायमची गेली. घुमान म्हणजे नामदेवांचें घुमान, जेथें पुढच्याच वर्षीं आपलें साहित्यसंमेलन भरलें. पुण्यकर्माची घाई किती महाग पडते याचें हें उदाहरण विसरतां येत नाहीं.

शस्त्रक्रिया अवघ्या पाव तासाची असते. खरी अडचण तिच्या आधीं आणि नंतर. म्हातारीला खेड्यांतून आणावयाचें कोणीं? मुलाची दिवसाची मजुरी बुडते. सुनेला शेत आहे. रात्र रुग्णालयांत काढली तर सोबत कोण? दुसऱ्या दिवशीं पट्टी सोडल्यावर पुढें चारसहा आठवडे डोळ्यांत औषधाचे थेंब वेळच्या वेळीं घालावे लागतात, धूर आणि धूळ टाळावी लागते, आणि आमच्या विदर्भांत चूल आणि कापूस वेंचणी दोन्ही टळत नाहींत. पुन्हां तपासणीस यावयाचें तर पुन्हां भाडें. शस्त्रक्रियेस पैसे देणारे पुष्कळ मिळतात, कारण "अमुक इतक्यांना दृष्टि दिली" असें लिहितां येतें. गाडीभाड्यास आणि सोबतीस कोणी पैसे देत नाहीं. सूनबाईच्या वहींत या वर्षीं "येणेंजाणें व सोबत" असा निराळा रकाना पडला आहे, आणि आईच्या डब्यांतील तांदूळ रुग्णांच्या सोबत्यांच्या जेवणासाठीं जातात.

दिवाणखान्यांतील तें छायाचित्र मीं गेल्या आठवड्यांत उतरविलें. मुलाच्या आईनें भिंतीवरची रिकामी जागा पाहिली, तेथील जाळें झाडलें आणि कांहीं बोलली नाहीं. मुलगा हल्लीं संध्याकाळीं माझ्याकडे गणितासाठीं येतो. अपूर्णांकांत तो कच्चा आहे आणि मीहि पूर्वींसारखा राहिलों नाहीं. दप्तर तेंच आहे. ठिगळाची एक कड उसवली होती, ती त्याच्या आईनें परवां पुन्हां शिवली.

येत्या रविवारीं सहा रुग्णांना पट्टी सोडून घरीं पोंचवावयाचें आहे. आमची गाडी सकाळीं सहा वाजतां निघेल. तीन रुग्णांची सोय तींत होते. उरलेल्या तिघांसाठीं सूनबाई आणखी एक गाडी शोधीत आहे.