अंगठ्याचे हितचिंतक

बँकेत अंगठ्याला मान आहे. ज्याला सही येत नाही त्याचा डाव्या हाताचा अंगठा आम्ही साक्षीदारासमोर आदराने कागदावर टेकवून घेतो. पायाच्या अंगठ्याकडे मात्र माझं लक्ष गेल्या मे महिन्यातच गेलं. चंद्रपूरचा मे, पारा ४६ वर, आणि मी निमुळत्या बुटात पाय कोंबून कॅश काउंटरवर! उजव्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं.

आजार लहान, पण जाहीर. कर्ज लपवता येतं, लंगडणं लपवता येत नाही. आणि लंगडणारा माणूस दिसला की आपल्याकडे प्रत्येकाच्या अंगात वैद्य संचारतो. पासबुक भरायला आलेल्या आजींनी लिंबू कोरून अंगठ्यावर टोपीसारखं घालायला सांगितलं. हेडक्लार्क हळद-तेलावर ठाम होते. शेजारच्या वहिनी चुना-गूळ कालवूनच घेऊन आल्या. आमच्या मेव्हण्याने तर नखाच्या मधोमध खाच पाडायला सांगितली. ‘‘भाऊजी, ती खाच भरायला नख दोन्ही बाजूंनी आत ओढलं जातं!’’ ऐकायला किती शास्त्रीय! अहो, पण नख वाढतं मुळापासून. टोकाला खाच पाडल्याची वार्ता मुळाला कोण पोचवणार? शाखेत काय चाललंय हे हेड ऑफिसला कधी कळलंय?

धानोऱ्याकडच्या आमच्या शिपायाचा उपाय सर्वांत सोपा. ‘‘बिबा लावा ना जी भाऊ, दोन दिवसांत मोकळे!’’ आमच्या जंगलात बिबा फुकट, म्हणून त्याच्यावर विश्वासही अमाप. बिब्याचं तेल कातडी जाळतं, फोड आणतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण औषधाने आधी किंचाळायला लावलं पाहिजे अशी आपली समजूत.

माझं भांडण घरगुती उपायांशी नाही. जो उपाय खरा, तो एकानेही सांगितला नाही, हे माझं दुखणं. कोमट पाण्यात पाय पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मग पुसून कोरडा करून नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात, रोज नवी. नख कोपऱ्यात न कोरता सरळ कापायचं आणि रुंद चप्पल घालायची. बस्स. पण कोमट पाण्याला प्रतिष्ठा नाही. ते झोंबत नाही, त्याला वास नाही. शिवाय धीर लागतो : पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे आमच्या बढतीहून किंचित वेगाने.

हे सगळं मी नुसतं हसून सोडलं असतं. पण आमच्या मामांचंही नख असंच रुतलं होतं. मामांना जुना मधुमेह. कुणीतरी बिबा लावला. मामा म्हणाले, ‘‘काहीच दुखत नाही रे!’’ आणि घरभर आनंद झाला. साखरेने पायाची जाणीवच गेली होती, म्हणून दुखत नव्हतं. बाबा आमट्यांनी १९४९ साली ज्या वरोऱ्याला महारोगी सेवा समिती काढली, त्याच जिल्ह्यातली आम्ही माणसं. बधिर पायाची जखम दुखत नाही म्हणूनच वाढते, हे आम्हाला तरी कुणी शिकवायला नको होतं! अंगठा काळा पडल्यावर मामांना दवाखान्यात नेलं. अंगठा काढावा लागला. तोच आधी दाखवला असता तर इंजेक्शनने बधिर करून नखाची रुतलेली कड तेवढी काढून भागलं असतं.

बिबेवाले हितचिंतक मोसंबी घेऊन भेटायला आले. मामांनी पाय पांघरुणात ओढून घेतला. हितचिंतक खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, ‘‘टाके लवकर भरायला एक पाला सांगतो...’’