गावरानचा भाव आणि पिसांचा रंग

रविवारी सकाळी परभणीतल्या चिकनच्या दुकानासमोर दोन तऱ्हेचं गिऱ्हाईक उभं असतं. एक "किलोभर, बारीक तुकडे" एवढं सांगून मोबाईल काढतं. दुसरं बाजूच्या खुराड्यापाशी बसकण मारतं, कोंबडी पायाला धरून वजनाचा अंदाज घेतं, छातीवरची पिसं फुंकून मांस बघतं, नख्या न्याहाळतं आणि शेवटी विचारतं, "मामा, खरी गावरानच हाय ना?"

मामांचं उत्तर ठरलेलं. गिऱ्हाईकही ब्रॉयलरच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त भाव मुकाट मोजतं.

कोंबडीला नीट वागवलं तर ग्राहक चार पैसे जास्त देईल का, यावर युरोपात पाहण्यांमागून पाहण्या होतात. परभणीकर ते पैसे कधीचेच देतोय. मात्र त्याच्या हिशेबात कोंबडीचं सुख नसतं; रश्श्याची चव असते आणि 'इंजेक्शनची कोंबडी नको' ही भीती असते. ही भीती अर्धीच खरी. ब्रॉयलर फुगतो तो हार्मोनच्या सुईने नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे आणि मोजून-मापून दिलेल्या खाद्यामुळे. काळजी करायची तर प्रतिजैविकांची करावी. माणसासाठी अखेरचा उपाय मानलं जाणारं कोलिस्टिन कोंबड्यांना देण्यावर केंद्र सरकारने बंदी घातली, ती 2019 मध्ये.

ब्रॉयलरचं आयुष्य 35 ते 42 दिवसांचं. तेवढ्यात तो दोन किलोचा होतो आणि त्याच्या वाट्याला साधारण एक चौरस फूट जागा येते. अंग वाढतं त्या वेगाने पाय भरत नाहीत, म्हणून काही पक्षी शेवटच्या आठवड्यात लंगडतात. करार पद्धतीत पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, तूस आणि राबणूक शेतकऱ्याची. मे महिन्यात पारा 44 अंशांपुढे गेला की तो शेडला ओली पोती बांधतो, फॉगर सोडतो. ऐन दुपारी वीज गेली की मर सुरू होते.

मग सगळ्यांनीच गावरान खावं का? इथे हिशेब अडतो. किलोभर वजन वाढवायला ब्रॉयलरला पावणेदोन किलोच्या आतबाहेर खाद्य लागतं. सावकाश वाढणारा पक्षी शेडमध्ये पोसला, तर तेवढ्याच वजनाला तो कितीतरी जास्त खातो. खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड. म्हणजे जास्त जमीन, जास्त पाणी. उकिरडा उकरून पोट भरणाऱ्या कोंबडीला हा हिशेब लागू नाही, पण अशा कोंबड्यांवर शहराचा रविवार भागत नाही.

पेंडीचा हा धागा परभणीच्या शिवारातूनच जातो. 2021 मध्ये पेंड महागली तशी पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. चिकन आवाक्यात राहावं ही ग्राहकाची अपेक्षा रास्तच. पण नवं सोयाबीन बाजारात यायच्या तोंडावर ही आयात नको, असं म्हणणारा मराठवाड्यातला शेतकरीही चुकत नव्हता.

मोकळं फिरणंही निर्धोक नाही. त्याच वर्षी जानेवारीत परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात सुमारे 800 कोंबड्या मेल्या. नमुन्यांच्या तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या नष्ट करण्याचा आदेश आला. आजार शेडमध्ये सापडला तरी असा आदेश अंगणातल्या कोंबडीला वगळत नाही. उघड्यावरच्या कोंबडीचा रानपाखरांशी संबंध येतो, हा धोका वेगळाच.

एवढं करून दुप्पट पैसे देणाऱ्याच्या पिशवीत काय पडतं? पुष्कळदा रंगीत पिसांची संकरित कोंबडी. डीपी क्रॉससारखे हे पक्षी दिसायला गावरान, वाढतात मात्र बंद शेडमध्ये, पोत्यातल्या खाद्यावर. अंड्याचंही तेच. कवच तपकिरी की पांढरं हे जातीवर ठरतं; तपकिरी अंडं देणारी कोंबडीही पिंजऱ्यात असू शकते. भारतीय मानकाने तिथे एका कोंबडीला 450 चौरस सेंटिमीटर जागा ठरवली होती, म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही कमी. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे 2012 पासून बंद केले. आपल्याकडे विधी आयोगाने 2017 च्या 269 व्या अहवालात कोंबड्यांना कसं ठेवावं, याच्या नियमांचा मसुदाच दिला होता. खुराड्यापाशी बसलेल्या गिऱ्हाईकापर्यंत त्यातलं काही आलेलं नाही.

नेदरलँड्समध्ये ताज्या चिकनच्या पाकिटावर तारे असतात: पक्षी कुठल्या जातीचा, त्याला जागा किती, बाहेर फिरायला मिळालं का, यावरून ठरलेले. परभणीच्या दुकानात खडूने लिहिलेली पाटीही पुरेल: जात कोणती, किती दिवसांची, शेडमधली की मोकळी. शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा पाटी खरी की खोटी हे तपासणारी माणसं शोधायला लांब जायला नको. 'संकरित, 70 दिवस, शेडमधली' असं लिहिल्यावर तिला दुप्पट भाव मिळेल का, याचं उत्तर मग मामांनाच द्यावं लागेल. कदाचित म्हणूनच अशी पाटी अजून कुणी लावलेली दिसत नाही.