फोनच्या बॅटरीचा स्वभाव ओळखा



बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच दावणीला बांधतो. पुढेही त्याचा स्वभाव ओळखून त्याच्याकडून काम घेतो. फोन मात्र दहा-पंधरा हजारांचा आणला, तरी त्याच्या बॅटरीबद्दल दुकानदार जाता जाता जे बोलला तेवढेच आपल्याला ठाऊक असते. मग दीड-दोन वर्षांत घरोघर एकच तक्रार ऐकू येते. ‘पूर्वी दिवसभर चालायचा, आता दुपारीच मान टाकतो.’

फोन आता नुसता बोलायचा राहिलेला नाही. बँकेतून पैसे काढावयाचे तर ओटीपी त्यावर येतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावयाची आहे, आणि तिच्यासाठी शेतात उभे राहून पिकाचा फोटो घ्यावा लागतो. फोटोच्या वेळी फोन बंद पडला, तर पुन्हा घरी हेलपाटा. पण याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. जिथे अजून रात्रीची वीज आहे, तिथे घरचा माणूस एकटा दारे धरायला जातो. त्याला साप चावला तर १०८ ला हाक मारायला हातात तेवढा एक फोनच असतो. त्या वेळी बॅटरी शून्यावर असून चालायचे नाही.

आता बॅटरीच्या स्वभावाकडे वळू. आपल्या घरात बॅटऱ्या अनेक जातींच्या आहेत आणि प्रत्येकीचे खाणेपिणे निराळे. ट्रॅक्टरची बॅटरी शिसे आणि आम्लाची. तिला भरलेले राहणे मानवते. महिनोन्‌महिने रिकामी पडून राहिली, की तिच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि ती कामातून जाते. जुन्या काळच्या काही चार्जिंगच्या बॅटऱ्या निकेल-कॅडमियमच्या असत. त्या मधूनमधून पार रिकाम्या करून मग भरल्या तर बऱ्या राहत. ‘पूर्ण उतरू द्या, मग पूर्ण भरा,’ हा सल्ला त्या काळचा. तो अजूनही पारावर आणि दुकानात दिला जातो. आजच्या फोनला मात्र तो घातक आहे.

फोनमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. ती बाजारात प्रथम आली १९९१ साली, आणि ती घडविणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हिचा स्वभाव वर सांगितलेल्या दोघींपेक्षा उलटा. पार रिकामी होणे तिला सोसत नाही, आणि तुडुंब भरून तासन्‌तास राहणेही सोसत नाही. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ती सुखात असते. म्हणून वीज येईल तेव्हा अर्धा तास लावा, पुन्हा काढा, पुन्हा लावा, काही बिघडत नाही. ‘वारंवार लावल्याने बॅटरी झिजते’ हा गैरसमज आहे. आज निम्मी भरली आणि उद्या निम्मी भरली, तर दोन्ही मिळून एकच पूर्ण फेरी धरली जाते. अशा सुमारे ५०० ते १००० फेऱ्या झाल्या, की साधारणपणे तिची ताकद ८० टक्क्यांपर्यंत उतरते. काही फोनांत याहून जास्त फेऱ्याही मिळतात.

रात्री निजताना फोन लावून सकाळी काढण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. फोन भरला की विजेची ओढ आपोआप थांबते, त्यामुळे तो लगेच बिघडतो असे नाही. पण रात्रभर शंभरावर राहिल्याने झीज वाढते. नव्या बऱ्याच फोनांत ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे. सेटिंगमध्ये बॅटरी या सदरात ती शोधावी. सापडत नसेल तर शाळकरी पोराच्या हाती फोन द्या, तो क्षणात काढून देईल.

मात्र हा नियम अंगाला चिकटवून घेऊ नका. रात्री पाण्यावर जायचे आहे, दवाखान्यात मुक्काम आहे, बाजाराला किंवा लग्नाला परगावी जायचे आहे, त्या दिवशी खुशाल शंभर भरा. बॅटरी माणसासाठी आहे.

तिचा खरा वैरी आहे ऊन. बहुतेक फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरण्यासाठी बनविलेले असतात. आपल्याकडे विदर्भात आणि खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि उन्हात ठेवलेली काळी वस्तू हवेहूनही अधिक तापते. उष्णतेने बॅटरीतील रसायने आपसांत नको तितकी झगडतात आणि तिची ताकद कायमची कमी होते. एकदा गेलेली ती ताकद थंड केल्याने परत येत नाही. म्हणजे आपल्या फोनचे आयुष्य जाते ते ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, मोटारसायकलच्या हँडलला अडकवून भर दुपारी नकाशा पाहत जाताना, आणि मोटारीच्या पत्र्याच्या खोपीत. चार्ज होताना फोन मुळातच तापतो. त्यात तो वाकळेखाली किंवा उशीखाली ठेवून पोरे चित्रे पाहत असली, तर आधीच तापलेल्या तव्यावर पांघरूण घातल्यासारखे होते. हे बंद करा. त्यात पेट घेण्याचाही धोका असतो.

शेतात फोन कुठे ठेवावा? भाकरीची पिशवी जिथे टांगता तिथेच, झाडाच्या दाट सावलीत, सुती फडक्यात गुंडाळून. सावली सरकते हे तुम्हांला मी काय सांगावे! फोन फार तापला तर चार्जर काढा, मागचे आवरण काढा, पडदा बंद करून सावलीत राहू द्या. माठावर ठेवू नये, आणि फ्रीजमध्ये तर मुळीच नाही. आत दव धरले तर बॅटरी राहील बाजूला, सगळा फोनच जाईल.

आता दिवसभराच्या खर्चाचे पाहू. गावात दोन दिवस टिकणारा फोन मळ्यात दुपारीच का संपतो, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. कारण टॉवर लांब आहे. शेजारच्या बांधावरच्या माणसाशी आपण हळू बोलतो; ओढ्यापलीकडच्याला हाक मारायची तर छातीतून ओरडावे लागते. फोनचेही तसेच. रेंज जितकी कमी, तितका तो जोराने ओरडतो आणि तितकी बॅटरी खातो. दोन सिम असतील आणि मळ्यात एकाला रेंजच नसेल, तर ते सिम सेटिंगमधून तेवढ्यापुरते बंद ठेवा. ५जी येते-जाते असेल तर ४जी वर करून ठेवा. इंटरनेट नको असेल तेव्हा बंद करा; फोन तरीही येतील. विमानाचे चिन्ह दाबले तर बचत सर्वांत जास्त होते, पण मग घरच्यांचा फोन लागत नाही. घरी म्हातारे माणूस आजारी असेल किंवा सूनबाईचे दिवस भरत आले असतील, तर ते चिन्ह दाबू नये.

पडद्याचा उजेडही बराच खातो. सावलीत बसून पाहिले तर तो कमी लागतो. आणि रात्री बांधावरून जाताना फोनचा दिवा लावून चालू नका. त्यासाठी आपली हातातली साधी बॅटरी घ्यावी. तिचा झोत लांब पडतो, साप-विंचू दिसतो, आणि फोन अडीअडचणीसाठी शाबूत राहतो. घरातून निघताना बॅटरी बचतीची सोय चालू केली तर आणखी बरे.

‘बॅटरी वाढविणारी’ म्हणून जी ॲप्स मिळतात, ती घेऊ नयेत. जाहिराती दाखविता दाखविता तीच बॅटरी खातात. घडोघडी सगळी ॲप्स पुसून टाकण्याचाही उपयोग नाही. ती पुन्हा उघडताना जास्त खर्च होतो. त्यापेक्षा बॅटरीच्या सदरात कोणते ॲप किती खाते त्याची यादी असते, ती पाहा आणि न लागणारे काढून टाका.

चार्जर फोनच्या कंपनीचा किंवा बीआयएस नोंदणीची खूण असलेला घ्यावा. आठवडे बाजारात पन्नास-साठ रुपयांत मिळणारा नको. विजा कडाडत असताना आणि दाब खालीवर होत असताना तो भिंतीतून काढून ठेवावा.

फोनची पाठ फुगलेली दिसली, पडदा उचलल्यासारखा वाटला, तर बॅटरीत वायू धरला आहे असे समजा. मग तो लावू नका, दाबू नका, टोचू नका, पोरांच्या हाती देऊ नका. चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन बॅटरी बदलून घ्या. नुसती ताकद गेली असेल तरीही आधी बॅटरी बदलण्याचा खर्च विचारा. नव्या फोनच्या मानाने तो बहुधा बराच कमी असतो. जुनी बॅटरी उकिरड्यात किंवा चुलीत टाकू नये. ती पेटते, फुटते आणि विषारी धूर सोडते. दुकानदाराकडेच परत द्यावी.

जुना फोन पेटीत जपून ठेवायचा असेल, तर तो निम्मा भरून, बंद करून ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी काढून पुन्हा निम्म्यापर्यंत भरावा. पेरणी आणि सुगी या वेळी आठवण ठेवली तरी पुरे.